टस्कनीत शेतावरचं घर भाड्याने घेताना: आधी रस्ता, मग स्वयंपाकघर, फोटो शेवटी

मी मिलानमध्ये राहते, त्यामुळे भारतातून येणाऱ्या समस्त नातेवाइकांसाठी इटलीच्या टस्कनी भागात सुट्टीपुरतं भाड्याचं घर शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. मावस, चुलत, आते, शिवाय नवऱ्याच्या ऑफिसातले. प्रत्येकाला सायप्रसच्या झाडांच्या रांगेतून टेकडीवर चढणारा रस्ता आणि वर दगडी घर हवं असतं. ते मिळतंही. पण घराचे फोटो मी सगळ्यात शेवटी बघते.

पहिल्यांदा येणाऱ्यांना मी डोळे मिटून वाल दोर्चा सांगते. सिएनाच्या दक्षिणेचा हा पट्टा 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पिएन्झा, मोंतेपुल्चानो, सान क्विरिको, मोंताल्चिनो ही गावं शेजारच्या गावापासून साधारण दहा ते वीस किलोमीटरवर, म्हणजे सकाळी एक गाव, दुपारी घरी येऊन वामकुक्षी, संध्याकाळी दुसरं गाव असं जमतं. फ्लोरेन्स आणि सिएनामधला क्यांतीचा पट्टा नावाने जास्त प्रसिद्ध, पण तिथे झाडी दाट आणि रस्ते वळणावळणाचे. घरात कुणाला गाडी लागत असेल तर तिकडे जाऊच नका.

महिना कुठला हे विचाराल तर मे. गहू हिरवागार असतो, कडेला लाल पॉपी फुललेली असतात. जूनमध्ये शेतं पिवळी पडतात, जुलैत कापणी उरकते, आणि ऑगस्टमध्ये उघडी तपकिरी ढेकळं बघत बसावं लागतं, वर ऊन रणरणतं. ज्यांच्या मुलांना शाळेची सुट्टी एप्रिल-मेमध्येच असते त्यांचं आपसूकच भलं होतं. फक्त मेमध्ये पोहण्याच्या तलावाची खात्री धरू नका. बरेच मालक तो महिन्याच्या अखेरीस उघडतात, आणि उघडला तरी पाणी गार असतं. सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी, ऑक्टोबरच्या शेवटी ऑलिव्हची. तेव्हाही छान, पण अंधार लवकर पडतो. 15 ऑगस्टला इथे फेर्रागोस्तो असतो. त्या आठवड्यात अख्खा इटली सुट्टीवर आणि भाडी आभाळाला.

उन्हाळ्यात घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच देतात. विमानाची तिकिटं काढायच्या आधी हे विचारून घ्या, नाहीतर मधल्या दोन रात्री हॉटेलात काढाव्या लागतात.

आता घर. 'अग्रितुरिझ्मो' म्हणजे खरोखरच शेतकऱ्याचं घर. 2006 च्या कायद्याप्रमाणे शेती हाच त्याचा मुख्य धंदा असावा लागतो, पाहुणे हा जोडधंदा. नुसत्या भाड्याच्या व्हिलाला ही अट नसते. मला अग्रितुरिझ्मोच आवडतात, कारण मालक तिथेच राहतो, नळ गळला तर दहा मिनिटांत पाना घेऊन हजर. जाहिरात कुठलीही असो, तिच्यावर सीआयएन हा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे का बघा. जानेवारी 2025 पासून तो जाहिरातीत आणि घराच्या दारावर दोन्हीकडे लावणं सक्तीचं आहे. नंबर नसेल तर पैसे पाठवू नका, मग घर कितीही देखणं असो.

आणि रस्ता. इथल्या खेड्यातले बरेच रस्ते कच्चे, पांढऱ्या खडीचे. त्यांना स्त्रादा ब्यांका म्हणतात. एक किलोमीटरभर मजा येते. चार किलोमीटर असेल तर पहिल्या दिवशी मजा, दुसऱ्या दिवशी धूळ, आणि तिसऱ्या दिवशी "दूध संपलंय, कोण जाणार?" यावरून भांडण. म्हणून मी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला प्रश्न हाच टाकते: "क्वांती किलोमेत्री दी स्त्रादा ब्यांका?" म्हणजे कच्चा रस्ता किती किलोमीटर? मग नकाशा सॅटेलाइटवर टाकून डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत बोट फिरवते. शेवटचा चढ किती, वळणावर गाडी वळेल का, दाराशी लावता येते की खाली ठेवून बॅगा उचलायच्या, हे सगळं तिथे दिसतं. पत्त्याच्या भरवशावर राहू नका, मालकाकडून लोकेशनची पिनच मागा. सुपरमार्केट आणि औषधाचं दुकान पंधरा मिनिटांच्या आत हवं. याच्या पलीकडचं घर मी सुचवत नाही, मग सासूबाई कितीही रुसोत.

आणि दृश्याचं म्हणाल तर ते घराच्या खिडकीतूनच दिसायला हवं असं कुठे आहे? पायस दुसरा या पोपने 1459 पासून आपलं जन्मगाव रोस्सेल्लीनो या वास्तुकाराकडून नव्याने बांधून घेतलं, तेच आजचं पिएन्झा. तिथल्या कॅथेड्रलच्या मागे तटावरून चालत गेलं की अख्खी दरी आणि पलीकडे मोंते आमियाता डोंगर समोर पसरलेला असतो, तोही फुकट.

स्वयंपाकघराचे प्रश्न वेगळे. शेगडी गॅसची की इंडक्शन? भारतातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर ढिम्म हलत नाही. खिडक्यांना डासांची जाळी आहे का? दगडी भिंती जाड असल्याने बऱ्याच घरांत एसी नसतो, रात्री खिडकी उघडावीच लागते. आणि विजेचा लोड किती? हा प्रश्न भारतातून येणारं कुणी विचारत नाही. इथल्या साध्या घराचं कनेक्शन तीन किलोवॅटचं असतं. ओव्हन चालू, कपड्यांचं मशीन चालू, आणि भाऊजींनी चहासाठी विजेची किटली लावली की खट्, सगळं घर अंधारात. मुख्य बटण घरातच असेल असंही नाही. शेतावरच्या घरांत ते कधीकधी फाटकाजवळच्या पेटीत असतं आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन तिथवर जावं लागतं. आल्या आल्या मालकाला ती पेटी दाखवायला सांगा. प्लगचंही तेच. आपल्याकडच्या जाड तीन पिना इथे जात नाहीत, अ‍ॅडाप्टर बरोबर हवेत. एक दिलासा मात्र आहे: इटलीत प्रत्येक घराच्या निदान एका बाथरूममध्ये बिडे, म्हणजे बसून धुवायचं बुटकं बेसिन, असावं असा 1975 पासूनचा नियम आहे. पाण्याचा प्रश्न सुटला!

बॅगेत काय घालायचं त्यावरून दरवेळी वाद होतो. मसाले, डाळ, पोहे आणा. तूप, पेढे, खवा, कुठलाही दुधाचा किंवा मांसाचा पदार्थ युरोपियन युनियनबाहेरून प्रवाशाला आणता येत नाही. ताजा कढीपत्ताही नको, आंबे तर नकोच. (मे महिन्यात हे सांगताना माझ्या जिवावर येतं.)

शाकाहारी लोकांचं टस्कनीत अडत नाही. पिची नावाचा हाताने वळलेला जाडसर शेवयांसारखा पास्ता मिळतो, तो टोमॅटो-लसणाच्या सॉसमध्ये किंवा चीज-मिऱ्यांत मागा. शिळा पाव आणि टोमॅटोचं पाप्पा अल पोमोदोरो, पांढऱ्या घेवड्याच्या बिया, भाज्यांचं रिबोल्लिता. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते मात्र विचारायचं. चीजबाबत कडक असाल तर पिएन्झाचं प्रसिद्ध पेकोरिनो घेण्याआधी दुकानात चौकशी करा. पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवायला प्राण्याच्या पोटातून काढलेलं रेनेट असतं. इथला पाव अळणी असतो, तो बिघडलेला नाही, तसाच करतात. जेवणाच्या वेळा पक्क्या आहेत: अडीचनंतर दुपारचं जेवण विसरा, रात्री साडेसातच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही. अग्रितुरिझ्मोत जेवायचं असेल तर सकाळीच सांगून ठेवा.

गाडीशिवाय हा बेत होत नाही, हे स्पष्टच सांगते. ट्रेनने क्युझी-क्यांचानो तेर्मे स्टेशनपर्यंत येता येतं, पुढे बस आहेत पण रविवारी त्यांच्या नादी लागू नये. गाडी फ्लोरेन्स किंवा रोमच्या विमानतळावर घ्या. फ्लोरेन्सहून पिएन्झा दोनेक तास, रोमहून थोडं जास्त. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्येच तसं टाका, इथे गिअरच्या गाड्या अजून बऱ्याच आहेत. भारतीय लायसन्सबरोबर आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. अनामत अडकवायला क्रेडिट कार्ड लागतं आणि ते चालवणाऱ्याच्याच नावाचं असावं. निळ्या पट्ट्यांत पैसे भरून गाडी लावायची, पांढऱ्यात फुकट, पिवळ्या राखीव. जुन्या गावांच्या वेशीवर 'झोना त्राफिको लिमितातो' अशी लाल कडेची गोल पाटी दिसली की आत घुसायचं नाही. तिथे कॅमेरे असतात, दंडाचा कागद काही महिन्यांनी येतो आणि वर गाडी कंपनी आपलं शुल्क लावते. फ्लोरेन्स आणि सिएना बघायचं तर गाडी बाहेरच ठेवा.

गरम पाण्याचे झरे ज्येष्ठांना दाखवायचेच. बान्यो विन्योनीला गावाच्या चौकातच मोठं कुंड आहे. त्यात उतरायला मनाई आहे, पण खालच्या बाजूला गिरण्यांच्या बागेत ओहोळात पाय सोडून बसता येतं. बान्यी सान फिलिप्पोला रानात पांढऱ्या चुन्याचे थर आणि फुकट डुंबायची सोय आहे, मात्र पायवाट निसरडी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी पहिल्यावरच समाधान मानावं.

व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मोठ्या माणसाला 90 युरो फी आणि निदान 30,000 युरोचा प्रवास विमा. मालकाकडून बुकिंगचं पत्र घ्या आणि त्यात सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहून मागा. आगाऊ रक्कम 'कापार्रा' म्हणून घेतली असेल तर आपण रद्द केल्यावर ती बुडते. इटालियन कायद्यात मालकाने माघार घेतली तर त्याने दुप्पट परत करायची असते. व्हिसा हातात नसेल तर फुकट रद्द करता येईल असंच घर धरा.

भाड्याच्या आकड्यावर थांबू नका. शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, अनामत आणि माणशी रोजचा पर्यटक कर वेगळा असू शकतो. कर बऱ्याचदा रोखीने मागतात. एप्रिल किंवा ऑक्टोबरात आलात तर हीटिंगचं विचारा. खेड्यात पाइपलाइनचा गॅस नसला तर टाकीतला वापरतात, तो महाग पडतो आणि मीटरप्रमाणे लावतात. आल्याबरोबर त्या मीटरचा फोटो काढा, निघताना पुन्हा काढा. पासपोर्ट मालक मागेल, घाबरू नका: पाहुण्यांची नोंद चोवीस तासांत पोलिसांच्या पोर्टलवर करणं त्याला बंधनकारक आहे. निघायच्या सकाळी बहुतेक ठिकाणी दहापर्यंत घर रिकामं करावं लागतं, आणि त्याआधी ओला, प्लास्टिक, काच, कागद असा कचरा ज्याच्या त्याच्या डब्यात टाकायचा असतो. अनामत परत मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नका. बँकेने पाठवणार असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख लिहून घ्या.