चाळिशीनंतर आर्थिक नियोजनाच्या कामात येताना

आधीची नोकरी लगेच सोडू नका. या कामात पैसा फार हळू येतो. शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१८ मध्ये म्युच्युअल फंडांवरचं सुरुवातीचं कमिशन जवळपास बंद केलं. गुंतवणूक टिकेल तोवर शिलकीवर थोडं थोडं कमिशन मिळतं, त्याला ट्रेल म्हणतात. समजा, ४० कुटुंबांनी पहिल्याच महिन्यापासून तुमच्यामार्फत ५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली गुंतवणूक, सुरू केली. वर्षात २४ लाख जमतील, पण सरासरी शिल्लक १३ लाखांच्या आसपास. पाऊण टक्का ट्रेल धरला तर अख्ख्या वर्षाचे दहा हजारही होत नाहीत.

मी सांगलीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हिशेब लिहायचे. नवरा अचानक गेला, मागे दोन मुली आणि घराचं कर्ज. दुकानाचा पगार मी पुढची काही वर्षं धरून ठेवला, संध्याकाळी हे काम केलं. तुम्ही सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल, तर जोडधंद्याबद्दलचे सेवानियम आधी वाचा.

वाटा दोन. वितरक, म्हणजे कमिशनवर फंड विकणारा, व्हायचं तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची फाइव्ह-ए परीक्षा: १०० प्रश्न, दोन तास, ५० गुणांना पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. मग एम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन हा नोंदणी क्रमांक घ्यायचा. सल्लागार व्हायचं तर टेन-ए आणि टेन-बी या अवघड परीक्षा, शिक्षणाची अट आणि सेबीची नोंदणी. तिथे कमिशन नाही, ग्राहकाकडून फी घ्यायची. मी वितरक आहे. वितरकाने कार्डावर ‘फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर’ छापायचं नाही, नियमाने मनाई आहे.

परीक्षा अभ्यासाने सुटते. तुमची खरी शिदोरी म्हणजे संकटात हाताळलेले कागद. नवऱ्याच्या पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी आणि विम्यासाठी ५-आयएफ भरताना मला कळलं, की पीएफ खात्याला ईडीएलआय नावाचा विमा जोडलेला असतो, कमाल ७ लाखांपर्यंत. कितीतरी घरांना हे ठाऊकच नसतं. म्हणून पहिल्या भेटीत फंडाचं नाव काढू नका. नॉमिनी कोण, खातं जोडनावावर आहे का, गृहकर्जाला विमा आहे का, एवढं विचारा. नॉमिनीच्या हाती पैसा येतो, पण वारसांचा हक्क त्याने सहसा संपत नाही. हे बायकांना बसून समजवा. नवऱ्याच्या डोक्यावर धंद्याचं कर्ज असेल, तर टर्म पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्यायला सांगा. मग त्या रकमेवर सावकार-बँकेला सहसा हात घालता येत नाही.

आपल्या भागाचा पैसा ओळखा. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला दरमहा एसआयपी जमत नाही, त्याचा पैसा हंगामात येतो. पुढच्या छाटणीचा आणि औषधांचा खर्च त्यातून आधी बाजूला काढायचा. उरलेलं लिक्विड फंडात, म्हणजे कमी जोखमीच्या अल्पमुदतीच्या फंडात, ठेवून एसटीपीने, म्हणजे ठरावीक हप्त्यांनी, हळूहळू दुसऱ्या फंडात सरकवायचं. हे त्याच्या वहीवर मांडून दाखवलं की त्याला पटतं.

दुखवट्याच्या घरी गुंतवणुकीचा फॉर्म घेऊन कधीही जाऊ नका. क्लेमचे कागद भरून द्या, झेरॉक्स काढून द्या, बँकेत सोबत जा आणि त्याचा एक रुपयाही घेऊ नका. विम्याचे पैसे आले तरी निदान सहा महिने ते एफडीत किंवा बचत खात्यात पडून राहू देत, आणि तोवर भाऊ-दिरांनी सुचवलेल्या कुठल्याच योजनेवर सही करू नका, असं त्या बाईंना स्पष्ट सांगा.