जुन्या गेमचं संगीत वाजवताना या चुका टाळा

डॉस या जुन्या पीसी प्रणालीच्या काळातल्या गेममधून संगीताच्या फायली हाती लागल्या की बहुतेक जण आधी कन्व्हर्टर शोधतात. फाइल टाकायची, एमपी३ काढायची आणि मग "आवाज विचित्र येतोय" म्हणून विचारत फिरायचं. अहो, या फायलींमध्ये आवाज नसतोच! १९८७ च्या अ‍ॅडलिब साउंड कार्डावर यामाहाची वायएम३८१२ ही आवाज तयार करणारी चिप होती, १९८९ च्या साउंड ब्लास्टरवरही तीच. फायलीत असतात ते त्या चिपला द्यायचे हुकूम. ते कोणत्या हिशोबाने द्यायचे हे कळल्याशिवाय काहीही बदलायला जाऊ नका.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आयएमएफ फायलींच्या वेगाची. आयडी सॉफ्टवेअर या गेम कंपनीच्या या फॉरमॅटमध्ये एक हुकूम चार बाइटचा असतो: एक बाइट रजिस्टरचा (म्हणजे चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्याचा), एक त्यात टाकायच्या आकड्याचा आणि दोन बाइट पुढच्या हुकमापर्यंत थांबायच्या ठोक्यांचे. पण सेकंदाला किती ठोके, हे फायलीत कुठेच लिहिलेलं नसतं. कमांडर कीन या गेमला ५६०, वुल्फेनस्टाइन थ्रीडीला ७००, ड्यूक न्यूकम २ ला २८०.

यात माझ्या दोन रात्री गेल्या आहेत. वुल्फेनस्टाइनची धून लावली, सूर अगदी बरोबर, पण जीव नाही. कॅसेट हळू फिरली की सूर उतरतो आणि कानाला लगेच खटकतं. इथे सूर रजिस्टरातून ठरतो, त्यामुळे चाल मंदावली तरी पट्टी हलत नाही. मी चिपची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर संशय घेतला, सगळी सेटिंग उलटीपालटी केली. शेवटी डॉसचे गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये गेम चालू करून घड्याळ लावलं. गेममध्ये ६० सेकंदांत होणारा भाग माझ्याकडे ७५ सेकंद घेत होता. ७०० ची फाइल ५६० ने चालली होती.

फायलीतले बाइट सोळाच्या पद्धतीत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये बघा: बी० ३२ ४६ ००. बी० म्हणजे पहिल्या चॅनलचा स्वर सुरू करणारं रजिस्टर, ३२ त्यातला आकडा आणि ४६ म्हणजे दशमानात ७० ठोके. ७०० च्या हिशोबाने सेकंदाचा दहावा भाग, ५६० ने आठवा. एवढाच फरक, पण तो प्रत्येक स्वरामागे साचत जातो.

काही जण रेकॉर्ड केलेली फाइल ऑडिओ एडिटरमध्ये पळवून वेग जुळवतात. त्याने सूरही चढतो. असला जुगाड मला अजिबात मान्य नाही. ७०० वाल्या फायलींना डब्ल्यूएलएफ हे एक्स्टेन्शन द्यायची पद्धत आहे, बरेच प्लेअर त्यावरूनच वेग ओळखतात. मी तर फाइल काढल्या काढल्या तिच्या नावातच गेम आणि ठोके लिहून टाकतो.

सुरुवातीचे दोन बाइटही तपासा. शून्य नसतील तर बहुधा ती फाइलची लांबी असते. त्यालाच हुकूम समजलात तर पुढचं सगळं दोन बाइटने सरकतं आणि नुसता गोंगाट ऐकू येतो.

दुसरी चूक घाईतून होते. ओपीएल३ ही वायएम३८१२ नंतरची चिप दिसली की लोक तिचा नवा मोड चालू करतात आणि जुनी धून एकदम गप्प होते. त्या मोडमध्ये सी० ते सी८ या रजिस्टरांत डावा-उजवा ठरवणारे बिट असतात. जुन्या फायलींना ते माहीतच नाहीत, दोन्ही शून्य राहतात आणि आवाज कुठल्याच बाजूला जात नाही. अशा वेळी चिप बिघडली म्हणून कार्ड उपसू नका. मी जुन्या धुनांसाठी तो मोड बंदच ठेवतो.

एमयूएस हे एक्स्टेन्शन बघून फसू नका. डूम या गेमची एमयूएस वेगळी, अ‍ॅडलिबची वेगळी. डूमची फाइल एम, यू, एस या अक्षरांनी आणि १ए या बाइटने सुरू होते.

आरओएल ही धुनेची फाइल घेताना सोबतची बीएनके फाइलही उचलाच. वाद्यं तिच्यात असतात.

सीएमएफ या फॉरमॅटमध्ये वाद्यं फायलीतच असतात. तिची मिडी (नुसते स्वर आणि वाद्यांचे क्रमांक असलेली फाइल) केलीत की नेमकी तीच गळून पडतात, म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका.

आणि रोलँडच्या एमटी-३२ या सिंथेसायझरसाठी लिहिलेली धून जनरल मिडी या वाद्यक्रमांकांच्या प्रमाण यादीवर लावून "संगीतकाराने काय केलंय हे" म्हणू नका. दोघांचे वाद्यांचे क्रमांक वेगळे आहेत. जनरल मिडी आलं १९९१ मध्ये, एमटी-३२ त्याच्या चार वर्षं आधीचं.