सोसायटीचा रस्ता: लोकफाळा कसा ठरवावा, कसा गोळा करावा

वडोदऱ्यात सोसायटीच्या आतला रस्ता उखडला की मीटिंगमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'आम्ही वेरा (महापालिकेचा कर) भरतो ना? मग कॉर्पोरेशन का नाही करत?' याचं उत्तर एवढंच की तो रस्ता तुमचा आहे. वेऱ्यातून सार्वजनिक रस्ते होतात. फाटकाच्या आतला रस्ता सोसायटीचा खासगी असतो, आणि तो नीट करायचा तर मालकांना खिशात हात घालावा लागतो. हे ज्यांना मान्य नाही त्यांच्याशी वाद घालण्यात दोन पावसाळे जातात, म्हणून आधी मान्य करणाऱ्यांची यादी करा.

सगळा खर्च मात्र तुमच्यावर येत नाही. स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहरी विकास योजनेत खासगी सोसायट्यांसाठी जनभागीदारीचा भाग आहे: खर्चाचे ७० टक्के राज्य सरकार, २० टक्के सोसायटी (हाच लोकफाळा, म्हणजे मालकांनी काढायची वर्गणी) आणि १० टक्के महानगरपालिका. सगळे याला ७०:२०:१० म्हणूनच ओळखतात. 'रस्ता फुकटात होतोय' असं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणाऱ्या उत्साही मंडळींना वेळीच आवरा. एकदा 'फुकट' हा शब्द फिरला की नंतर २० टक्के मागायला गेल्यावर दारं उघडत नाहीत.

रस्ता कोणाचा, हे कागदावर पाहा

रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि मंजूर लेआउटचा नकाशा बाहेर काढा. तुमचा रस्ता टी.पी. स्कीमच्या (नगररचना योजनेच्या) नकाशात रस्ता म्हणून दाखवलेला असेल, तर तो महापालिकेचा. त्यासाठी घरोघरी फाळा मागू नका. १९७६च्या गुजरात नगररचना कायद्याखालच्या टी.पी. स्कीममध्ये मूळ मालकांच्या जमिनीतून रस्त्यासाठी कपात झालेली असते, आणि वाढलेल्या किमतीपोटी अंशदानही आकारलं जातं. त्याच रस्त्यासाठी पुन्हा पैसे देण्याचं कारण नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या गल्ल्याही बहुतेक सार्वजनिक आहेत. तिथे वॉर्ड ऑफिस आणि नगरसेवक हाच मार्ग. हा लेख कारेलीबाग, मांजलपूर, गोत्रीकडच्या फाटकवाल्या सोसायट्यांसाठी आहे.

वाटणी: सगळं इथेच अडतं

अर्ज, अंदाजपत्रक, निविदा या गोष्टी उशिरा का होईना, होतात. सोसायटी फुटते ती 'माझे किती आणि त्याचे किती' यावर. म्हणून एक नियम पक्का धरा: वाटणीचं सूत्र आधी ठरवायचं, रक्कम नंतर कळू द्यायची. आकडा आधी बाहेर आला की प्रत्येक जण आपल्याला स्वस्त पडणारं सूत्र घेऊन उभा राहतो आणि वर तेच न्याय्य असल्याचं सांगतो. आकडा माहीत नसताना त्याच माणसांना न्याय बरोबर दिसतो.

उदाहरण घेऊ. ४८ प्लॉट, त्यातले ३६ प्रत्येकी १०० चौरस मीटरचे आणि १२ प्रत्येकी २०० चौरस मीटरचे. रस्ता १८० मीटर लांब, ६ मीटर रुंद. समजा अंदाजपत्रक १८ लाखांचं आलं. मग सरकारचे १२ लाख ६० हजार, महापालिकेचे १ लाख ८० हजार आणि सोसायटीचे ३ लाख ६० हजार.

सरसकट सारखी वाटणी केली तर घरटी ७,५०० रुपये. हे मोठ्या प्लॉटवाल्यांना आवडतं. छोटे कुरकुर करतात आणि त्यांचं चूक नसतं. क्षेत्रफळावर वाटलं तर चौरस मीटरला ६० रुपये, म्हणजे छोट्याला ६,००० आणि मोठ्याला १२,०००. आता मोठे उठतात: 'कचरागाडी आमच्या दारात दोनदा येते का?' त्यांचंही चूक नसतं. तिसरा मार्ग घरासमोरच्या लांबीचा. परदेशात पुष्कळ ठिकाणी असाच आकार लावतात. आपल्या सोसायट्यांत तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कोपऱ्याच्या प्लॉटला दोन बाजू मोजल्या जातात, फाटक मात्र एकच असतं. त्या कोपऱ्यावर बहुतेक वेळा निवृत्त काका-काकू राहतात, आणि सबंध मीटिंगचा त्यांच्यावर अन्याय झाल्याचं चित्र उभं राहतं. मग बाकीचं कामही बदनाम होतं.

टिकतं ते निम्मं-निम्मं. अर्धी रक्कम घरटी सारखी, अर्धी क्षेत्रफळावर. वरच्या उदाहरणात १ लाख ८० हजार भागिले ४८, म्हणजे घरटी ३,७५०. उरलेले १ लाख ८० हजार भागिले ६,००० चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ३० रुपये. छोटा प्लॉट ६,७५०, मोठा ९,७५०. रस्ता सगळे सारखाच वापरतात हे पहिल्या अर्ध्यात आलं, आणि मोठ्या जमिनीची किंमत जास्त वाढते हे दुसऱ्यात. मीटिंगमध्ये हे तोंडी समजावू नका. तक्ता करून प्रत्येकाच्या हातात द्या.

आता अपवाद. ते त्याच ठरावात लिहा, कारण नंतर केलेला अपवाद हा मेहेरबानीसारखा दिसतो. एका प्लॉटवर तीन मजले आणि तीन वेराबिलं असतील तर सारखा भाग तीनदा लागेल, क्षेत्रफळाचा भाग एकदाच. आणि मग भागाकार ४८ ऐवजी ५०ने करायचा, हे विसरलं जातं. बाहेरच्या टी.पी. रस्त्यावर तोंड असलेल्या दुकानांचं मागचं दार सोसायटीत उघडत असेल तर पूर्ण फाळा. मागे नुसती भिंत असेल तर फक्त सारखा भाग. शेवटच्या बंद टोकाच्या घराला सूट मागितली जाते. देऊ नका, ते घर सगळ्यात जास्त रस्ता वापरतं. भाडेकरूकडून कधीही घेऊ नका. तो देईलही, पण मालक नंतर 'मला कोणी विचारलंच नाही' म्हणेल आणि भाडेकरू घर सोडताना परत मागेल.

बंद घरं ही वेगळी डोकेदुखी. मालक पुण्याला, न्यू जर्सीला, कधी वारसांत वाद. अशांना शेवटी गाठायचं असा सगळीकडे रिवाज आहे, आणि तोच चुकीचा आहे. त्यांना पहिल्या आठवड्यात गाठा. सूत्राचा तक्ता आणि रस्त्याचे पावसाळ्यातले फोटो ईमेलने पाठवा आणि संमती लेखी घ्या. लांबच्या मालकाला घराच्या किमतीची काळजी असते, म्हणून तो बहुतेक वेळा लवकर देतो. त्याच्या पावतीचा फोटो ग्रुपवर पडला की इथे राहणाऱ्यांना टाळाटाळ करणं अवघड जातं.

आणि नेमके ३ लाख ६० हजार गोळा करू नका. १५ टक्के जास्त धरून छोट्याला ७,८०० आणि मोठ्याला ११,२५० लावा. ४ लाख १५ हजार ८०० जमतात. वरचे ५५ हजार ८०० चैनीसाठी नाहीत. काही जण देणारच नाहीत. शिवाय अंदाजपत्रकात न बसणारी कामं निघतात: एखाद्या घराचा पाण्याचा जोड खाली घ्यावा लागतो, गटाराची झाकणं नव्या पातळीला उचलावी लागतात, कोणाच्या फाटकापुढचा उतार करावा लागतो. निविदा अंदाजापेक्षा वर गेली तर फरक कोणाच्या माथी, हेही वॉर्ड ऑफिसला लेखी विचारून घ्या. शिल्लक राहिली तर त्याच सूत्राने परत द्यायची, असं ठरावात लिहून टाका. त्या एका ओळीने निम्मे संशय मिटतात.

वसुली

पैसे सोसायटीच्याच खात्यात. मंत्र्याच्या (म्हणजे सोसायटीच्या सचिवाच्या) किंवा खजिनदाराच्या खासगी यूपीआयवर एक रुपयाही नको, माणूस कितीही सज्जन असो. पावतीवर 'रस्ता लोकफाळा', प्लॉट क्रमांक आणि 'काम मंजूर न झाल्यास परत' एवढं छापलेलं असावं. दोन हप्ते द्या, तीन नकोत. तिसरा हप्ता येत नसतो.

न देणाऱ्यांची नावं फळ्यावर लावायचा मोह होतो. लावू नका. देणाऱ्यांची लावा. सोसायटी सहकारी कायद्याखाली नोंदलेली असेल तर साधारण सभेच्या ठरावाने लावलेला फाळा ही सभासदाकडची येणी ठरते, आणि वाद गेलाच तर तो बोर्ड ऑफ नॉमिनीजपुढे, म्हणजे सहकारी संस्थांचे वाद ऐकणाऱ्या मंडळापुढे, जातो. पण तिथे ठराव, नोटीस आणि हजेरीपट पाहिला जातो. हजेरीपटावर सह्या नसलेला ठराव म्हणजे नुसता कागद. नोंदणी नसलेल्या, नुसत्या 'सेवा मंडळा'वर चालणाऱ्या सोसायट्यांकडे हे हत्यार नाही. त्यांनी प्रत्येक मालकाची वेगळी लेखी संमती घ्यावी.

अर्ज

साधारण सभेचा ठराव, नोंदणीचा दाखला, लेआउट, मालकांची यादी आणि संमतिपत्रं घेऊन वॉर्ड ऑफिस. सभा मराठीत चालली तरी ठराव गुजरातीत लिहा, नाहीतर टेबलावरून परत येतो. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. लोकफाळा भरण्याचं मागणीपत्र हातात येईपर्यंत पैसे खात्यातच राहू द्या. आल्यावर महापालिकेच्याच नावे भरा आणि पावती जपा. निवडणुका जवळ असतील तर घाई करा, आचारसंहिता लागली की नवी कामं थांबतात.

ठराव पावसाळ्यातच घ्यावा. श्रावणात गुडघाभर चिखलातून आलेली माणसं फाळ्याला हात वर करतात. फेब्रुवारीत तीच माणसं 'एवढा काय वाईट आहे रस्ता' म्हणतात. काम मात्र दिवाळीनंतर ते मेअखेर.

अंदाजपत्रक करताना हजर राहा

अभियंता मोजायला येईल तेव्हा सोसायटीचे प्रमुख आणि मंत्री दोघांनी तिथे असावं. पाहायची पहिली गोष्ट पातळी. जुन्या रस्त्यावर नवा थर चढवणं स्वस्त दिसतं, पण रस्ता १५ सेंटिमीटर वर आला की पाणी ओट्यावर आणि तिथून घरात. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या उंबऱ्याला लागलं त्यांना हे सांगावं लागत नाही. जुना थर खोदून काढणं अंदाजपत्रकात लिहून घ्या, आणि सगळ्यात खालच्या ओट्याची उंची मोजून तीही नकाशावर टाका. मधल्या रेषेपासून कडेला मीटरमागे २ सेंटिमीटर उतार हवा.

दुसरी गोष्ट रस्त्याखालची. गटार, पाणी आणि गॅसची लाइन आधी. जुनी असेल ती आधीच बदलून घ्या. काँक्रीट झाल्यावर सहा महिन्यांत कोणाचा तरी गॅसचा नवा जोड येतोच, आणि तो रस्ता पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. यावर उत्तर सोपं आहे, तरी फार कमी सोसायट्या ते मागतात: मध्ये साडेचार मीटर काँक्रीट आणि दोन्ही कडांना पाऊण-पाऊण मीटर पेव्हर ब्लॉकचा पट्टा. लाइनी त्या पट्ट्याखाली. खोदायचं झालं तर ब्लॉक उचलायचे, काम झालं की परत बसवायचे. पायी चालणाऱ्यांनाही तो पट्टा मिळतो, फक्त गाड्या त्यावर लावू देऊ नका.

काम चालू असताना

काँक्रीट १५ सेंटिमीटर जाडीचं असेल तर ते कडेला नाही, मध्ये मोजा. दर चार-साडेचार मीटरवर आडवे सांधे साधारण २४ तासांच्या आत कापलेच पाहिजेत. उशीर झाला की भेग स्वतःची जागा निवडते. किमान १४ दिवस पाणी. एप्रिलच्या उन्हात ओली पोती किंवा मातीचे बांध घालून पाणी साठवा, नळीने दिवसातून एकदा शिंपडणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. पेव्हर ब्लॉक हलक्या गाड्यांच्या रस्त्याला ६० मिलिमीटरचा पुरतो. कचरागाडी त्यावरून जाणार असेल तर ८०. खाली वाळूचा थर साधारण ३ सेंटिमीटर, त्याहून जाड नको, आणि कडेला काँक्रीटची पक्की पट्टी, नाहीतर ब्लॉक सरकत गटारात जातात.

पाण्याचा टँकर आणि रखवालदार यांचा खर्च कोणाचा, हे कंत्राटदाराशी पहिल्या दिवशीच बोला. कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत मागा आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे बिघाड कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, कोणत्या तारखेला संपतो ते लिहून ठेवा. त्या तारखेच्या दोन महिने आधी, शक्यतो पावसाळा संपता संपता, रस्ता पायी फिरून उखडलेल्या जागांचे फोटो आणि लेखी तक्रार द्या.

काम संपल्यावर पंधरा दिवसांत जमा-खर्च फाटकाजवळच्या फळ्यावर लावा आणि शिल्लक खात्यांत परत पाठवा. 'पुढच्या दिव्यांना राहू द्या' असं कोणी सुचवेल. दिव्यांसाठी वेगळा ठराव, वेगळी पावती. लाइनी कुठून गेल्या त्याचे उघड्या खंदकात टेप धरून काढलेले फोटो, मोजमापाची प्रत आणि वाटणीचा तक्ता एका फायलीत घालून ती पुढच्या मंत्र्याच्या ताब्यात सहीनिशी द्या.