स्पेक्ट्रमच्या कळा चालेनाशा झाल्या? चिप बदलण्याआधी हे तपासा

माळ्यावरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, टीव्हीला जोडला, 1982 सालची कॉपीराइटची ओळ उमटली, पण कळा दाबून काहीच होत नाही. मुंबईच्या दमट हवेत इतके पावसाळे काढलेल्या मशीनचं हे नेहमीचं दुखणं. बहुतेक वेळा दोष कळांखालच्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यात, म्हणजे मेंब्रेनमध्ये असतो. त्यातून निघणाऱ्या 8 आणि 5 रेघांच्या दोन पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसतात.

स्पेक्ट्रममध्ये चित्र आणि कीबोर्ड सांभाळणारी यूएलए चिप सेकंदाला 50 वेळा झेड80 प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे थांबण्याचा इशारा देते. प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, वेळ मोजणारा आकडा एकाने वाढवतो आणि कीबोर्ड वाचून परत कामाला लागतो. इंटरप्ट बंद पडला की सगळ्याच कळा बंद. उलट, बेसिकमध्ये (मशीन सुरू होताच मिळणाऱ्या प्रोग्रामिंगच्या भाषेत) एक जरी कळ उमटली तरी इंटरप्ट चालू आहे. कर्सरच्या लुकलुकण्यावर मात्र विसंबू नका. ते यूएलए स्वतःच करते.

आता बंद कळांची यादी करा. क्यू ते टी अशा सलग 5 बंद असतील तर मेंब्रेनच्या 8 रेघांच्या पट्टीतली एक रेघ तुटली आहे. डाव्या कडेच्या 1, क्यू, ए, शिफ्ट आणि उजव्या कडेच्या 0, पी, एंटर, स्पेस अशा 8 बंद असतील तर दोष 5 रेघांच्या पट्टीत.

सगळ्या चाळीस कळा बंद? आधी पॉवरची पिन काढा, मगच स्क्रू खोला. झाकण हळूच उचला, कारण या पट्ट्या त्यालाच जोडलेल्या असतात आणि जुन्या पट्ट्या वाकवल्या की तडकतात. दोन्ही सरळ वर ओढून काढा. मशीन चालू करून एका छोट्या वायरने 5 पिनांच्या सॉकेटमधली एक आणि 8 पिनांच्या सॉकेटमधली एक पिन क्षणभर जोडा. कळ दाबल्यावर मेंब्रेन हेच करतं. वायर इतर कुठेही टेकवू नका. दोन-तीन जोड्या करून बघा, कारण शिफ्टची जोडी लागली तर काहीच उमटणार नाही.

अक्षर उमटलं तर बोर्ड ठणठणीत. नवं मेंब्रेन घाला. नाही उमटलं, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा लॉजिक प्रोब (पिनवरचा सिग्नल दाखवणारं छोटं उपकरण) झेड80 च्या इंटरप्टच्या, म्हणजे 16 नंबरच्या पिनवर लावा. ही पिन एरवी हाय (व्होल्टेज असलेली) असते आणि सेकंदाला 50 वेळा निमिषभर लो (जवळपास शून्य) होते. मल्टिमीटरला ही क्षणिक पल्स दिसत नाही. पल्स नसेल तर यूएलएवर संशय घ्या. असेल तर सॉकेटच्या सोल्डरिंगपासून तपासायला लागा.