व्हेरिएबल फंक्शनच्या डोक्यावर नको, कामाच्या ओळीत लिहा

नव्या मुलांचा कोड रिव्ह्यूला आला की मी आधी फंक्शनचा माथा बघते. तिथे ‘आय, जे, टेम्प, फ्लॅग, टोटल’ अशी रांग दिसली की ओळखायचं, हात टर्बो सीवर (कॉलेजात शिकवतात त्या जुन्या सी कंपायलरवर) बसलाय. १९८९ च्या सी मानकात डिक्लेरेशन, म्हणजे व्हेरिएबलचा प्रकार आणि नाव जाहीर करणाऱ्या ओळी, ब्लॉकच्या (महिरपी कंसातल्या भागाच्या) सुरुवातीलाच कराव्या लागत. १९९९ च्या मानकाने ती अट काढली, फॉरच्या कंसातही डिक्लेअर करायची सोय दिली. सवय मात्र प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून अजून पुढच्या बॅचकडे जातेच आहे.

माझा आग्रह एवढाच: व्हेरिएबलला पहिली खरी व्हॅल्यू मिळते त्याच ओळीत ते डिक्लेअर करा.

बिलाचं फंक्शन घ्या. वर ‘टॅक्स = ०’ लिहिलं आणि ४० ओळी खाली टॅक्स काढला, तर मधली प्रत्येक ओळ वाचताना शंका येत राहते, इथे कुणी टॅक्स बदलला का? त्याहून वाईट म्हणजे, एखाद्या इफ-एल्समध्ये टॅक्स काढायचा राहिला तर तो शून्य गुपचूप बिलावर छापला जातो. जावात व्हॅल्यू न देता नुसतं डिक्लेअर केलं असतं, तर कंपायलरनेच अडवलं असतं. उगाच शून्य भरून आपण ती राखण आपल्या हाताने उठवतो.

जुनं फंक्शन सुधारायचं तर सगळं एकदम उपसू नका. वरचं एक व्हेरिएबल घ्या, सर्च करा, पहिला वापर सापडेल तिथे ते खाली आणा. फक्त एका इफच्या आतच लागत असेल तर आतच जाऊ दे. टेस्ट चालवा, मग पुढचं. एकच ‘टेम्प’ दोन वेगळ्या कामांना जुंपलेलं निघेल (निघतंच), तिथे दोन नावं करा.

लूपमध्ये बेरजेचं व्हेरिएबल बाहेर, प्रत्येक ओळीची रक्कम आत. ‘आत डिक्लेअर केलं की स्लो होतं’ हे साध्या इंटीजरच्या बाबतीत खरं नाही. सी किंवा जावात त्याची जागा सहसा फंक्शनमध्ये शिरतानाच धरलेली असते. बनवायला महाग असलेली वस्तू, समजा जावातला रेगेक्स पॅटर्न (मजकूर शोधायचा साचा), ती मात्र बाहेरच एकदा तयार करा.

जावास्क्रिप्टमध्ये ‘व्हार’ वापरूच नका. त्याला ब्लॉकची भिंत दिसत नाही, ते अख्ख्या फंक्शनभर पसरतं. ० ते २ च्या लूपमध्ये सेट-टाइमआउट (काम थोडं नंतर करायला लावणारं फंक्शन) लावून ‘आय’ छापा: ०, १, २ ऐवजी तीनदा ३ येतं. २०१५ पासून ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आहेत. आधी कॉन्स्ट, व्हॅल्यू खरंच बदलणार असेल तरच लेट.

पायथनमध्ये इफ किंवा फॉरला स्वतःचा स्कोपच (नाव ओळखलं जाण्याची हद्द) नाही. लूपमधलं नाव लूप संपल्यावरही फंक्शनभर जिवंत राहतं, म्हणून तिथे कुंपण एकच, फंक्शन लहान ठेवणं.

टाइमआउट, रिट्रायची मर्यादा असे कॉन्स्टंट फाइलच्या माथ्यावर शोभतात. आणि सीमध्ये चूक झाली की गोटूने शेवटच्या क्लीनअपला (घेतलेली मेमरी सोडणाऱ्या भागाला) उडी मारायची असेल, तर पॉइंटर वरच नल (रिकामा) करून ठेवणं योग्य. तिथे मी रिव्ह्यूत हरकतीची कमेंट टाकत नाही.