भाषांतरकारांचे श्रेय नोंदवताना या चुका टाळा

मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणारा आमचा छोटा गट आहे. दोन वर्षांपूर्वी एका नव्या स्वयंसेविकेने मला कळवले की तिला अनोळखी माणसांचे ईमेल येऊ लागले आहेत. तिने स्वतःचा पत्ता कुठेच जाहीर केला नव्हता. तो आम्ही केला होता. पीओ फाईल म्हणजे मूळ वाक्ये आणि त्यांची भाषांतरे असलेली फाईल; तिच्या माथ्यावर ‘लास्ट-ट्रान्सलेटर’ (शेवटचा भाषांतरकार) अशी ओळ असते, तिथे तिचे पूर्ण नाव आणि खासगी ईमेल जाऊन बसला होता. आम्ही श्रेय दिल्याच्या आनंदात होतो आणि तिला विचारायचे राहूनच गेले होते. समन्वयक मीच होते, म्हणून हे लिहिते आहे.

ही ओळ किती लांब पोचते हे बऱ्याच गटांना ठाऊक नसते. पीओ फाईलवरून एमओ फाईल, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वाचते ती फाईल, तयार होते तेव्हा टिपा गळून पडतात, पण माथ्यावरची ही ओळ आत जाते. म्हणजे ते सॉफ्टवेअर ज्या ज्या संगणकावर बसेल, तिथे भाषांतरकाराचा पत्ताही बसतो. शिवाय इथे नाव लागते ते फक्त शेवटच्या माणसाचे. हजार वाक्ये करणारी बाजूला राहते आणि एक स्वल्पविराम सुधारणारा दिसतो. श्रेय देण्यासाठी या ओळीवर विसंबूच नका.

खाते उघडले की लगेच भाषांतर

आम्ही वेबलेट वापरतो, म्हणजे ब्राउझरमध्येच भाषांतर करण्याची व्यवस्था. फेडोरा आणि लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरचे भाषांतरही त्यावरच चालते. वेबलेट प्रत्येक काम गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या आणि मुक्त प्रकल्पांत सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, नोंदवते आणि गिटच्या प्रत्येक नोंदीला लेखकाचे नाव, ईमेल आणि वेळ लागते. वेबलेटच्या मूळ मांडणीत यासाठी खात्याचाच ईमेल वापरला जातो. खासगी पत्ता हवा असेल तर सदस्याने तो स्वतः आपल्या सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो. मग नोंदीत ‘नोरिप्लाय’ धाटणीचा पत्ता जातो, ज्यावर पत्र पाठवून उपयोग नसतो. नवखा माणूस हे शोधत बसत नाही, त्याला भाषांतर करायचे असते. म्हणून सर्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर हा पर्याय सगळ्यांसाठी आधीपासून चालू ठेवा.

एक बारकावा मात्र आहे: मूळ मांडणीत त्या पत्त्यात युजरनेम असते. युजरनेम म्हणून कुणी नाव, आडनाव आणि जन्मवर्ष घेतले असेल तर ते झाकले जात नाही.

वेळेचे काय? ती गिटमध्ये राहणारच. नोकरी करणाऱ्या ताईने सकाळी अकराला चार वाक्ये केली, तर ते तिच्या साहेबांनाही पाहता येते. हे आधीच सांगून ठेवावे, आणि ऑफिसच्या ईमेलने खाते उघडू नये असेही सुचवावे.

शब्द मोजून माणसाचे माप

महिन्याचे ‘सर्वाधिक योगदान’ जाहीर करण्याचा मोह फार होतो. आम्हीही ते केले आणि तिसऱ्याच महिन्यात यंत्राने केलेली भाषांतरे न वाचता चिकटवलेली दिसू लागली.

मुळात मोजायचे काय? मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘फ्रॉम द सेटिंग्ज’ हे इंग्रजीतले तीन शब्द, मराठीत एकच: ‘सेटिंग्जमधून’. त्यामुळे मराठी शब्द मोजले तर नेमके, आटोपशीर लिहिणारी व्यक्ती मागे पडते आणि ‘च्या माध्यमातून’ लिहिणारी पुढे जाते. वेबलेटचा योगदान अहवाल मूळ मजकुराचे शब्दही मोजतो. आकडा लागणारच असेल तर तो घ्या. पण ‘डिलीट’ला ‘हटवा’ म्हणायचे की ‘काढून टाका’, यावर तासभर विचार करून शेकडो ओळी एकसारख्या ठेवणारी माणसे त्यातही दिसत नाहीत. अशा, भाषांतरे तपासणाऱ्या समीक्षकांची नावे आम्ही हाताने लिहितो. त्याला आजवर पर्याय सापडलेला नाही.

श्रेयनामावलीचा तयार अहवाल उतरवाल तेव्हा नीट पाहा, त्यात नावाशेजारी ईमेलही येतो. तो तसाच ‘सॉफ्टवेअरविषयी’च्या पानावर चिकटवला की पुन्हा तीच चूक. प्रमाणपत्रांसाठी केलेली, लिंक असलेल्या कुणालाही उघडणारी आणि वर फोन नंबरही असलेली शीटसुद्धा काम संपले की पुसा.

यादीत भलतेच नाव, किंवा एकच नाव दोनदा

महाविद्यालयात कार्यशाळा होते, वीस मुले भाषांतर करतात आणि फाईल एकाच खात्यावरून चढते. सगळे श्रेय त्या एकाला. वेबलेटवर फाईल चढवताना लेखकाचे नाव आणि ईमेल वेगळा देता येतो, पण तो देण्याआधी त्या मुलाला किंवा मुलीला विचारा.

ईमेल बदलल्यामुळे एकच व्यक्ती दोनदा दिसत असेल, तर गिटची मेलमॅप फाईल दोन्ही पत्ते जोडते. उपाय सोपा आहे, पण ही फाईल स्वतः सार्वजनिक असते. लग्नानंतर, घटस्फोटानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललेल्या व्यक्तीचे जुने आणि नवे नाव शेजारी शेजारी मांडणारी ओळ तुम्ही कायमची लिहून ठेवता. अशा वेळी आकडा दोन ठिकाणी विभागलेला राहिला तरी चालेल.

‘माझे नाव काढा’ म्हटल्यावर

वेबलेटवरचे खाते काढले की साइटवरून नाव जाते. गिटचा इतिहास मात्र तसाच राहतो. तो बदलता येतो, पण मग पुढच्या सगळ्या नोंदींचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, प्रत्येकाला रिपॉझिटरी (प्रकल्पाचा सगळा इतिहास असलेला साठा) नव्याने घ्यावी लागते आणि लोकांकडच्या जुन्या प्रती, मिरर सर्व्हरवरची (प्रती ठेवणाऱ्या इतर सर्व्हरवरची) जुनी पॅकेजे यांना हातही लागत नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि त्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. भारतातही २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आहे. हक्क असला तरी पसरलेल्या प्रती गोळा करता येत नाहीत.

आमच्या स्वयंसेविकेसाठी जमले ते इतकेच: फाईलच्या माथ्यावरचा पत्ता काढला, श्रेयाचे पान बदलले, पुढची आवृत्ती लवकर आणायला लावली. इतिहासातला पत्ता राहिला. शेवटी तिलाच ईमेल बदलावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते.

आता नव्या सदस्याला पहिल्या वाक्याआधी आम्ही विचारतो: नाव खरे छापू, टोपण छापू की नकोच? नोंदीसाठी नोरिप्लाय पत्ता निवडला का? आकडे इतरांना दिसलेले चालतील का? उत्तर आल्याशिवाय भाषांतराचे हक्क देत नाही. ती स्वयंसेविका अजून आमच्यासोबत आहे, आणि श्रेयाच्या पानावर तिने स्वतः निवडलेले टोपणनाव आहे.