ऋतू पालटताना मन थाऱ्यावर ठेवायचे असेल, तर या चुका टाळा

हस्ताचा पाऊस ओसरू लागला की पुण्यातल्या आमच्या सकाळच्या ध्यानवर्गात नव्या मंडळींची गर्दी होते आणि दिवाळीचा फराळ सुरू होईपर्यंत त्यांतली बरीचशी आसने पुन्हा रिकामी होतात. ही माणसे आळशी नसतात. उलट, ती फार उत्साही असतात आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

घटस्थापनेच्या मुहूर्तावर सगळे आयुष्य एकदम बदलायला घेणे, ही मला सर्वांत जास्त चीड आणणारी चूक आहे. चीड येण्याचे कारण असे की ती मीही केलेली आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी मी नवरात्राच्या पहिल्याच दिवशी चार कप चहा सोडला, नऊ दिवसांचा उपवास धरला आणि पहाटे चारला उठून तासभर ध्यानाला बसू लागलो. दुसऱ्या दिवशी डोके असे ठणकू लागले की घरात कोणी चमचा खाली ठेवला तरी मी खेकसत असे. मनात साठलेला मळ बाहेर पडतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्या वेदनेकडे साक्षीभावाने, म्हणजे त्रयस्थासारखे नुसते पाहत आणखी अर्धा तास बसलो. चौथ्या दिवशी ऐन दुपारी मंडईत भोवळ आली. भाजीवाल्या मावशींनी मला पोत्यावर बसवले, पाणी दिले आणि सकाळपासून काय खाल्ले, असे विचारले. दोन साबुदाणा वडे, हे उत्तर देताना मला माझ्या साक्षीभावाची लाज वाटली. चहा अचानक थांबवला की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते आणि ती आठवडाभरही रेंगाळू शकते, हे नंतर डॉक्टरांनी सांगितले. त्यात मनाचा मळ कुठेच नव्हता.

प्राचीन वैद्य वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी मानला आहे. या काळात जुना आहारविहार क्रमाक्रमाने सोडावा आणि नवा क्रमाक्रमाने धरावा, कारण एकाएकी केलेल्या त्यागाने आणि स्वीकाराने रोग होतात, असे तो सांगतो. आता मी दर तीन दिवसांनी पाव कप चहा कमी करतो आणि त्या चौदा दिवसांत दुसरे काहीही नवे सुरू करत नाही. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, असा माझा दावा नाही; मला ती मानवली आहे, इतकेच. मधुमेह असलेल्यांनी तर नऊ दिवसांचा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये.

प्रत्येक अस्वस्थतेचे खापर मनावर फोडणे, ही दुसरी मोठी चूक होय. ऑक्टोबरमध्ये आकाश निरभ्र होते, ओल्या जमिनीची वाफ होत राहते, दुपारी घाम निथळतो आणि पहाटे मात्र गारवा उतरतो. रात्रभर पंखा पाचवर ठेवून झोपलेला माणूस सकाळी आखडलेली मान घेऊन येतो आणि आपल्याला आतून जड वाटते, असे सांगतो. त्याला ध्यानाची नव्हे, पंख्याचा वेग कमी करण्याची गरज असते. संध्याकाळच्या उदासपणाचेही बरेचदा असेच असते. जूनच्या अखेरीस पुण्यात सव्वासातच्या सुमारास मावळणारा सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आसपासच बुडतो. म्हणजे कार्यालयातून बाहेर पडल्यावर मिळणारा तासाहून अधिक उजेड पाच महिन्यांत गुपचूप नाहीसा होतो आणि आपल्याला फक्त हुरहुर लागल्याचे कळते. म्हणून डोळे मिटण्याआधी मी स्वतःला तीनच प्रश्न विचारतो: पाणी किती प्यालो, झोप किती झाली आणि आज अंगावर कोवळे ऊन घेतले का? उत्तरे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवतो. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक उडाली, तर ऋतूला दोष देत बसू नये आणि डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत, पण चिवट आहेत. भरल्या पोटी ध्यानाला बसू नये. सलग किती दिवस बसलो, याचे आकडे मोबाइलवर मोजू नयेत, कारण मग आकडाच जपला जातो. हवामानही मोबाइलमध्ये पाहण्याआधी गॅलरीत जाऊन अंगाला लागू द्यावे. कोणत्या नक्षत्राचा पाऊस चालू आहे आणि त्याचे वाहन बेडूक आहे की कोल्हा, हे तोंडपाठ असलेल्या आमच्या आजीला सजगता हा शब्द कधी लागला नाही.

गेल्या वर्षी एका तरुणाने मला पंधरा दिवसांत मन स्थिर करणारा झटपट उपाय विचारला. रोज गच्चीवर जाऊन सूर्य कुठे आणि किती वाजता मावळतो, एवढेच चौदा दिवस लिहून काढा, असे मी त्यांना सांगितले. तीन दिवसांच्या नोंदी त्यांनी दाखवल्या. त्यांतल्या दोन गच्चीवर न जाता मोबाइलवरून उतरवलेल्या होत्या.